कोरडा सदरा

मूर्तिजापूरच्या पुढे, बाभळीच्या बुंध्याशी धर्मपाल मरून पडला होता. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायांनी त्याला सावलीत ओढलं, तेव्हा तो हवेतून काहीतरी वेचत होता. कुणाला ओळखत नव्हता. डोळे एवढाले काळे झालेले, म्हणाल्या त्या, उजेडाकडे पाहवत नव्हतं त्याला.

अमरावती ते अकोला सायकल शर्यत. साल एकसष्ट, महिना वैशाखाचा. जो तो म्हणाला, ऊन लागलं.

फौजदार डोमाजी इंगळ्यांनी त्याचा काळा सदरा चिमटीत धरला. मागून येऊन थांबलेल्या तिघा गड्यांचे सदरेही काळेच होते. पण त्यांच्या पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. धर्मपालच्या पाठीवर एक रेघ नव्हती.

"याले घामच आला नाई," डोमाजी म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, पोटात धोतऱ्याचं बी. धोतरा घाम आटवतो. अशा उन्हात घाम आटला, की माणूस आतल्या आत शिजतो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या चौकीत धर्मपालची बायको पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर चार महिन्यांची लेक. सायकल दुकानाचे मालक पंजाबराव जबानी देऊन गेले होते. धर्मपालसह चौघांना शर्यतीसाठी तेच तयार करत. "आमचं ताकदीचं चूर्ण चौघांनीबी घेतलं, तिघं चांगले हायत. धर्मपाल तेवढा घरून बायकोच्या हातची आंबील पिऊन आला होता." आंबिलीचं मडकं जप्त होऊन टेबलावर आलं होतं.

"आंबिलीत काय घातलं होतं, माय?" डोमाजींनी विचारलं.

"ज्वारीचं पीठ, ताक, मीठ. अजून काय घालू? जिंकनाऱ्याले गिरणीत कायमची नोकरी होती, साहेब. लेकीच्या दुधाची काळजी मिटंल म्हने."

"भांडण होतं?"

"होतं नं. रोजच होतं. म्हून काय मारीन त्याले?"

आणि शिपाई उठायच्या आत तिनं मडकं ओढलं आणि उरलेली आंबील घटाघटा पिऊन टाकली. तोंड पुसलं. रडणाऱ्या लेकीला पदराखाली घेतलं.

डोमाजींनी रिकामं मडकं बाजूला सारलं. बाई प्यायली असती एक वेळ, पण विष माहीत असणारी आई ते पिऊन लेकराला छातीशी धरत नाही. दुपारपर्यंत दोघींना काही झालं नाही. लेक पोटभर पिऊन झोपली.

मग डोमाजी पंजाबरावांच्या दुकानात गेले. मागच्या अंगणात मोरीजवळ तीन पितळी गिलास लोळत होते, तळाशी चूर्णाचा वाळलेला गाळ, त्यावर मुंग्या. भिंतीवर खिळ्याला चौथा गिलास टांगलेला. हा हलक्या जर्मन धातूचा, लखलखीत.

"हा कोनाचा?"

"धर्मपालचा," पंजाबराव म्हणाले. "त्याचा वेगळा ठेवतो. थो समजून होता, कधी बोलला नाई."

"आन् चूर्ण?"

"एकाच गंजात कालवलं. अश्वगंधा, फुटाने, गूळ, मीठ. वतलं मीच. मंग चूर्णात विष कसं असंल, साहेब?"

"त्याचा गिलास घासते कोन?"

"थोच. आमी कोनी त्याले शिवत नाई."

पडवीच्या टोकाला त्यांची बायको केशरबाई कांबळ्यावर एकटी बसली होती. "परवापासून बाहेरची हावो, साहेब," ती तिथूनच म्हणाली. "भांडी तशीच पडली."

"तुमीच घासाची ना मंग, पंजाबराव!"

"हॅ! भांडे घासनं काय माणसाचं काम हाये?"

"काल पोरं गेल्यावर इथं कोन आलं?"

"कोनीच नाई. दाराले आतून कडी घालून मी घरातच."

तेवढ्यात पंजाबरावांचा पुतण्या देवमन आला. चौघांतलाच एक, शर्यतीतला दुसऱ्या नंबरचा गडी. डोमाजींनी त्यालाही थांबवून घेतलं, पंचफुलाला बोलावून आणलं आणि खिळ्यावरचा गिलास रुमालानं उतरवला.

"चूर्णात विष नव्हतंच," ते म्हणाले. "विष या गिलासाच्या तळाशी होतं, वाटून लावलेलं. गुळानं चव झाकली. मारनाऱ्याले एका गोष्टीची खात्री होती, की हा गिलास चुकूनही दुसरं कोनी तोंडाले लावनार नाई. इटाळानंच त्याचं काम सोपं केलं."

पंजाबराव हसले. "अंदाज हाये तुमचा."

"पोरं सांगतात, धर्मपाल पिऊन गिलास न घासताच घाईनं निघाला, तो परत आला नाई. बाई दूर बसल्या. बाकीचे गिलास खरकटेच. मंग एवढा एकच कोनं घासला? ज्याले कोनी शिवत नाई, थोच काहून घासला? घरात तर तुमी एकलेच होते, पंजाबराव."

पंजाबरावांनी ओठ ओले केले.

"मराले नव्हतं देल्लं," अखेर ते म्हणाले. "नुसतं थकाले. देवमनले नोकरी लागावी म्हून."

देवमन मागे सरकला, अंगावर काही सांडल्यासारखा.

शिपायांनी पंजाबरावांना धरलं. पंचफुला ओरडली नाही. लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती देवमनसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, थो पडला तवा कितवा होता?"

देवमनला तिच्याकडे बघवेना.

"पयला, वयनी. लय पुढं होता. आमाले त्याची धूळबी दिसत नव्हती."

पंचफुलानं मान हलवली. मग लेकीच्या कानाशी वाकून तिनं ते तिला पुन्हा सांगितलं.