धावपट्टी मोकळी नाही

आठ महिन्यांच्या लेकीला तापाचं औषध पाजून, तिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून कालिंदी पडेगावहून ड्युटीला निघाली, तेव्हा दहा वाजले होते. गॅस बंद केला का, हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत आली. हा तिचा रोजचाच नेम. असल्या बाईच्या शब्दावर विमानं उडतात, हे तिचं तिलाच कधीकधी खरं वाटत नसे.

विमानतळाच्या टॉवरच्या काचांबाहेर एप्रिलचं ऊन पेटलं होतं. बाराच्या सुमारास धावपट्टीवर झळा नाचू लागल्या आणि तापल्या डांबराचा वास बंद काचांतूनही आत आला. मुंबईला जाणाऱ्या विमानात अजून सामान भरणं चालू होतं. तेवढ्यात रेडिओवर एक दमलेला आवाज आला. त्यानं आपला नंबर सांगितला, धावपट्टीवर यायची परवानगी मागितली. कालिंदीच्या डोक्यात थर्मामीटरचा पारा होता. तिनं नंबर चिठ्ठीवर लिहिला आणि सवयीनं म्हणाली, "या, आणि तिथंच थांबा."

आवाजानं वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. नियमच आहे तो. वैमानिकानं परवानगी परत म्हणून दाखवायची, टॉवरनं 'बरोबर' म्हणायचं, की ती पक्की.

"बरोबर," कालिंदी म्हणाली, आणि मग तिनं मान वर केली.

धावपट्टी रिकामी होती. चिठ्ठीवरचा नंबर दिवसाच्या यादीत नव्हता.

"कुठं आहात तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

"धावपट्टीवर... थांबलोय."

मुंबईचं विमान कडेला येऊन उभं राहिलं. आत सत्तर माणसं. सव्वाबाराच्या आत उडालं नाही, तर मुंबई तासभर आकाशात वाट देणार नव्हती. त्याचा वैमानिक मात्र जरासुद्धा घाई करत नव्हता.

शिफ्टचे साहेब, नानासाहेब, जिना चढून वर आले. "सोडा ना त्याला, कालिंदीबाई. मुहूर्त बघताय व्हय?"

"सर, धावपट्टी मोकळी नाही. मीच कुणाला तरी तिथं आणून उभं केलंय."

त्यांनी दुर्बीण लावली. "कुत्रंबी नाय तिथं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "बाळंतपणानंतर होतं असं. डोकं घरीच ऱ्हातं. आमच्या सूनबाईचंबी झालं होतं. उठा, मी देतो परवानगी."

तो मऊपणा तिला चटक्यासारखा लागला. जागून दिलेल्या परीक्षा, पाच वर्षांत एक चूक नाही, आणि या सगळ्यावर उत्तर काय, तर बाळंतपण. तिच्या डोक्यावर शंका घ्यायचा हक्क तिचा होता, यांचा नव्हे.

"उठणार नाही, सर. माझ्या शब्दावर उभा राहिलाय, त्याला मीच हलवीन. ही सत्तर माणसं मी त्याच्या अंगावर घालणार नाही."

"रिपोर्ट लिहावा लागंल. लायसन जाईल तुमचं."

"लिहा. बाळंतपणाचंही लिहा त्यात."

तिनं माइक ओढला, चिठ्ठीवरचा नंबर वाचला, आणि आवाज जराही हलू न देता उड्डाणाची परवानगी दिली.

उत्तर आलं नाही. फक्त झळा मधोमध फाटल्यासारख्या झाल्या. वारा पूर्ण पडला होता, तरी धावपट्टीच्या त्या टोकाला लोंबणारी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फुगली, गर्रकन फिरली आणि पुन्हा गळून पडली.

तेव्हा मुंबईच्या विमानाचा वैमानिक बोलला. "टॉवर, आत्ता गेला त्याच्या मागं किती मिनिटं थांबू?"

नानासाहेबांची दुर्बीण खाली आली.

"दोन," कालिंदी म्हणाली.

दोन मिनिटांनी विमान सुखरूप उडालं. तिला हसूही येईना. तोच मुंबईचा थेट फोन वाजला. नानासाहेबांनी उचलला, ऐकत राहिले, मग फोनच्या तोंडावर हात धरून तिच्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी तिला मॅडम म्हटलं.

"मॅडम... तो आधी उडालेला आता मुंबईच्या रेडिओवर आलाय. परत इथंच उतरायचं म्हणतो."

"मग?"

"परवानगी... कालिंदीनंच द्यावी म्हणतो."

टॉवर रेडिओवर कधी नाव सांगत नाही. पाच वर्षांत तिनंही सांगितलं नव्हतं.