दुकान वाढवलं

रत्नागिरीच्या जोडीदार प्रवेश कार्यालयात शिरलं की आधी थुंकावं लागतं. दाराशी काचेच्या नळ्या मांडून ठेवलेल्या असतात. त्यातली एक उचलायची, पडद्याआड जायचं आणि निळ्या रेघेपर्यंत भरून आणायची. तोंडाला कोरड पडली असेल, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या ती पडलेलीच असते, तर आत भिंतीवर लिंबाच्या फोडीचं मोठं रंगीत चित्र लावलेलं आहे. त्याच्याकडे बघत उभं राहायचं. पडद्याच्या बाहेर 'येथे थुंकू नये' ही जुनी सरकारी पाटी अजून तशीच आहे. ती काढायचं कुणाला सुचलेलं नाही, आणि तिच्याकडे बघून कुणाला हसूही येत नाही.

ज्या देशाने पिढ्यानपिढ्या लोकांना थुंकू नका म्हणून दंड केला, त्यानेच आता थुंकीवरून माणसाची पत ठरवावी, यापरतं ओंगळ काय असणार? पण ठरवतात. परदेशी माणसाशी लग्न केलंत, खुशाल करा. त्याला इथे आणून नांदायचं असेल तर मात्र हमी द्यायची, की हा प्राणी सरकारच्या पानात जेवायला बसणार नाही. पूर्वी हमी म्हणजे पगाराचे कागद आणि बँकेतली शिल्लक. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की पगार आज आहे, उद्या नाही. खरी ठेव म्हणजे माणसाचं शरीर. तेव्हापासून पगाराच्या वाटेशेजारी दुसरी वाट निघाली, कर्तेवर्षांची. माणूस यापुढे किती वर्षं हातीपायी धड राहून कमावू शकेल, तो आकडा म्हणजे त्याची कर्तेवर्षं. बैलबाजारात दात बघतात, इथे थुंकी बघतात. बैलाला निदान गूळ तरी चारतात.

ओवी मयेकर त्या पडद्याआड गेली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि तिचा पहिला अर्ज आधीच फेटाळला गेला होता. एका जोडप्याला तीनच अर्ज करता येतात. तिसराही गेला की दार कायमचं बंद.

तो पहिला अर्ज कसा गेला ते आधी सांगायला हवं, कारण तसला घोळ फक्त मराठी माणसाचाच होऊ शकतो.

जयगड बंदराच्या वाटेवर ओवीचं कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी असलं विकायचं छोटंसं दुकान होतं. दानिलो फिलिपिन्सचा, बोटीवरचा वीजमिस्त्री. त्याची बोट दुरुस्तीसाठी बंदरात अडकली होती, आणि त्या काळात तो हाताखालच्या मराठी पोरांकडून शब्द उचलत होता. एका संध्याकाळी तो कोकम सरबत मागायला आला, तेव्हा ओवी फळी लावत होती. "दुकान वाढवलं," ती म्हणाली, "उद्या या." दुसऱ्या दिवशी हा गडी हजर, आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतोय. ओवीने विचारलं, काय हरवलंय का? तर म्हणे, "तू बोलली वाढवलं. तेवढंच आहे." ओवी पोट धरून हसली. मग तिने त्याला समजावलं, की दुकान बंद केलं, बांगडी फुटली असं अभद्र आपण तोंडाने बोलत नाही. दुकान वाढवलं, बांगडी वाढवली म्हणतो. दानिलोने विचार करून विचारलं, "मग खरंच मोठं केलं, तर काय बोलणार?" "तेव्हाही वाढवलंच." "मग कळणार कसं?" "बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं," ओवी म्हणाली. त्या दिवसापासून तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला, आणि पुढे लग्न झालं.

मग त्याच्या खलाशी परवान्याची मुदत संपली, त्याला परत जावं लागलं. ओवीने अर्ज केला. त्याच सुमारास बंदराचा रस्ता रुंद झाला, दुकानाची जागा गेली, आणि तिने शीतगृहात नोकरी धरली. पगार चांगला होता, अटीत बसत होता. मुलाखत घेणाऱ्या यंत्राने विचारलं, उत्पन्नाचं साधन काय? ओवी म्हणाली, "दुकान होतं, ते चैत्रात वाढवलं. आता नोकरी करते." यंत्राने लिहिलं, अर्जदाराने व्यवसायाचा विस्तार केला आहे. पडताळणीला माणूस आला, त्याला जागेवर डांबर दिसलं. निकाल लागला: उत्पन्नाबाबत खोटी माहिती. पगाराची वाट तिच्यापुरती कायमची बंद.

ती कार्यालयात गेली. खिडकीपाशी आंबेरकर नावाचे कारकून होते, इथल्याच शिरगावचे.

"यंत्राला मराठी येत नाही, त्यात माझा काय गुन्हा?" ओवी म्हणाली.

"यंत्र म्हणतं, तुम्ही वाढवलं म्हणालात. म्हणालात ना?"

"म्हणाले. अहो, तुमच्या घरी काय म्हणतात? दुकान बंद केलं म्हणतात?"

आंबेरकरांनी चष्मा काढून पुसला. "घरी वाढवलंच म्हणतात," ते म्हणाले. "पण मी आत्ता घरी नाहीये."

किळस यायची तर अशा माणसाची यावी. यंत्र बिचारं मुकं जनावर. याला सगळं कळत होतं, आणि कळूनही त्याने चष्मा पुसला.

राहिली दुसरी वाट, थुंकीची. ओवीने नळी भरून दिली. आठवड्याने उत्तर आलं: जन्मवय चौतीस, पेशीवय सत्तेचाळीस, कर्तेवर्षं दोन माणसांना अपुरी. अर्ज नामंजूर.

आता एकच उरला होता. खोटी माहिती दिली हा शेरा कपाळावर असलेल्या बाईला वकीलही उभं करत नव्हते. ओवी शोधत शोधत डॉक्टर मंदार खेरांकडे गेली. ज्यांनी पेशीवय सांगणारं ते पेशीघड्याळ शोधून काढलं तेच हे खेर. निवृत्त होऊन भाट्याच्या खाडीवर टुमदार बंगल्यात राहत होते. त्यांनी तिला व्हरांड्यात बसवलं, सरबत दिलं आणि आपल्या विषयावर कुणी विचारतंय म्हणून खूष झाले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "प्रत्येक पेशीत हजारो बटणं असतात असं समजा. कोणतं चालू राहायचं, कोणतं बंद, हे त्यांच्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांवर अवलंबून. वय वाढतं तशा काही बटणांवर पट्ट्या चढतात, काहींवरच्या गळतात. थुंकीबरोबर गालाच्या आतल्या पेशी येतात. त्यांच्यावरच्या पट्ट्या वाचल्या की शरीर किती झिजलंय ते कळतं. जन्मतारीख खोटी सांगता येईल, पट्ट्या नाही."

"मग माझ्या तेरा वर्षांनी जास्त कशा?"

"जागरण, काळजी, दोन दोन पाळ्या. त्याने पट्ट्या भराभर चढतात."

"ही काळजी तुमच्या त्या कार्यालयानेच लावली. त्यांनीच मला म्हातारी केली आणि म्हातारी म्हणून हाकललं."

"कार्यालय माझं नाही हो. मी फक्त घड्याळ केलं. लोकांना आजार आधी कळावा म्हणून."

"मग?"

"मग निविदा निघाली," खेर म्हणाले, आणि बशीतला काजू तोंडात टाकला.

ओवीला उमासा आला. ती उठून पायरीशी गेली, कुंपणापाशी वाकली. परत आली तेव्हा खेरांचा चेहरा बदलला होता. गणिताचं उत्तर सापडलेल्या माणसाचा असतो तसा झाला होता.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"चौथा." पहिला अर्ज फेटाळला गेल्यावर ती दोन आठवडे दानिलोच्या गावी जाऊन आली होती.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? तुमचं काम झालंच म्हणून समजा." ते खुर्ची पुढे ओढून बसले. "गर्भ राहतो ना, तेव्हा सुरुवातीच्या काही दिवसांत निसर्ग आईबापांकडून आलेल्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या काढून टाकतो. घड्याळ शून्यावर. पाटी कोरी. त्याच्याइतकी कर्तेवर्षं पृथ्वीवर कुणाचीच नसतात. आणि अर्जदाराच्या जोडीने हमी देणारा सहजामीन कोण होऊ शकतो, तर रक्ताचं कुणीही. कायद्यात वयाची खालची मर्यादा घातलेलीच नाही. विसरले असतील."

ओवीने विचारलं, "पोटातलं बाळ जामीन?"

"पोटाला सुई लावायचीही गरज नाही. बाळाच्या पेशींचे तुकडे तुमच्याच रक्तात फिरत असतात. दंडातून एवढंसं रक्त घेतलं की झालं." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं.

"आणि त्या बदल्यात काय?"

खेरांनी सांगितलं. मूल मोठं होऊन कमवायला लागलं की बाप हयात असेपर्यंत कमाईतला हिस्सा सरकारकडे. तोवर दर तीन महिन्यांनी पट्ट्यांची तपासणी. जागरणाची, जोखमीची, समुद्रावरची कामं वर्ज्य. तपासणीत कर्तेवर्षं ठरल्यापेक्षा घसरली, तर जामीन रद्द.

"जामीन रद्द म्हणजे दानिलोला परत पाठवणार."

"तसं क्वचितच होतं," खेर म्हणाले. "मूल नीट सांभाळायचं, बस."

म्हणजे पोराला ताप आला की बाप हद्दपार व्हायची भीती. पोर रात्री रडलं की आईने आधी पट्ट्या मोजायच्या. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तसलं हे सरकार, आणि भरीला हे विद्वान, ज्यांना यातलं काहीच वावगं वाटत नव्हतं. ओवीने पेला खाली ठेवला. सरबत तिच्याच हातच्या सरबतासारखं होतं, तरी तिने ते अर्धंच टाकलं.

त्या संध्याकाळी दानिलो फोनच्या पडद्यावर आला. तिकडे तो कामाला होता आणि राहत होता त्या गोदीचं छप्पर वादळाने नेलं होतं. तो तंबूत राहत होता, पण ओवीने पोट दाखवल्यावर एवढा हसला, की मागून कुणी तरी त्याला गप्प बसायला सांगितलं. "मी येणार ना, बाळ येण्याच्या आधी?" त्याने विचारलं.

त्याला सगळं सांगायचं असं ओवीने ठरवलं होतं. पण सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. तो तसाच होता. आणि मग कधीच आला नसता. "येणार," ती म्हणाली. "इथल्या एका डॉक्टरांनी मार्ग काढलाय." पडदा विझल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने चूळ भरली, पुन्हा भरली, तोंडाची चव काही गेली नाही.

रक्त द्यायला आंबेरकरांच्याच खिडकीवर जावं लागलं. त्यांनी सहजामिनाच्या नावाची जागा बघितली, तिथे काहीच नव्हतं. "नाव काय टाकू?" ते म्हणाले.

"अजून जन्मलं नाहीये."

"ठीक आहे. 'जामीनदार' एवढंच टाकतो." त्यांनी टाकलं. तिसरा अर्ज पहिल्या फटक्यात मंजूर झाला.

दानिलो बाळाच्या आधी पोचला. मुलगी झाली. त्याने आग्रहाने तिचं नाव ऊर्मी ठेवलं, कारण ऊर्मी म्हणजे लाट हे त्याला कुणी तरी सांगितलं होतं. रोज संध्याकाळी तो तिला कडेवर घेऊन जेटीवर जायचा, बोटी दाखवायचा आणि घरी आल्यावर सांगायचा, "ही पण जाणार. माझ्यासारखी. मी बोललो तिला." ओवी भाकरी थापत असायची. ती थापतच राहायची.

ऊर्मी तीन महिन्यांची झाल्यावर कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, हेच तर वाईट. गुबगुबीत, हसऱ्या, पिशवीत बाळासाठी खुळखुळा घेऊन आलेल्या. दानिलोने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याला वाटलं, दवाखान्यातून वजन करायला आल्या आहेत. ओवीने तसंच सांगितलं होतं.

ऊर्मीला लाळ फार गळायची. ओवीने तिच्यासाठी जुन्या साडीच्या काठाची लाळेरी शिवली होती, आणि दिवसातून किती तरी वेळा ती हनुवटी पुसायची, पुसताना एक पापा घ्यायची. बाईंनी लाळेरं बाजूला केलं, बाळाच्या ओठाखाली नळी धरली आणि लाडिक आवाज काढला. ऊर्मी हसली. नळी निळ्या रेघेपर्यंत भरली. इथे लिंबाच्या चित्राची गरज पडली नाही.

बाईंनी पिशवीतल्या यंत्रात थेंब टाकला, थांबल्या, आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगदी उत्तम," त्या म्हणाल्या. "काही जणांचं पहिल्या खेपेलाच घसरतं हो. आईबापच भांडत असतात, पोर जागतं. तुम्ही मात्र जामीनदार छान वाढवलाय."

दानिलोही हसला. कौतुक आहे एवढं त्याला कळलं. 'जामीनदार' हा शब्द त्याच्यासाठी नवा होता, तो त्याने सोडून दिला. पण पुढचा शब्द त्याच्या ओळखीचा होता. तो शब्द त्याला ओवीने, दुकानाच्या फळीपाशी, हसत हसत शिकवला होता.

"ओवी," त्याने विचारलं, "वाढवलाय म्हणजे कुठलं? मोठा केला, की दुकानासारखं?"

ओवीच्या तोंडाला कोरड पडली. बाई नळीला झाकण लावत होत्या. ऊर्मी खुळखुळा तोंडात घालायला धडपडत होती. आणि दानिलो, तिनेच शिकवल्याप्रमाणे, तिच्या तोंडाकडे बघत होता.