ज्ञानूची झील

राजारामपुरीतल्या आमच्या सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं मशीन तळघरात आहे. पायऱ्या उतरलं की उजवीकडे बाकडी, समोर शिसं घातलेलं जड दार, आणि दाराशेजारच्या काचेमागे माझी खुर्ची. माझ्यापुढे दोन पडदे आणि एक माइक. आत झोपलेल्या माणसाला मी तीनच गोष्टी सांगते. श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा. दिवसभर हेच. पेशंटला टेबलावर घेणारे आमचे जुने अटेंडंट मुजम्मिलभाई मला म्हणतात, "वर्षाराणी मॅडम, तुमी यमाच्या हापिसातल्या क्लार्क हाईसा. कुणाचा श्वास धरायचा, कुणाचा सोडायचा, सगळं तुमच्याच हातात." माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून त्यांना अशी चेष्टा करायला जास्तच चेव येतो.

कीर्तन हे माझं एकमेव व्यसन. शुक्रवार पेठेतल्या विठ्ठलाच्या देवळात केरबा बुवांचं कीर्तन असलं की मी ड्युटी बदलून घेते. डावीकडच्या खांबाला टेकून बसायची माझी जागा ठरलेली. बुवांचा आवाज मोठा, पण दम आखूड. ओळीच्या शेवटी ते थांबायचे, आणि त्याच क्षणी त्यांच्या मागे उभा असलेला ज्ञानू ती ओळ उचलायचा. याला झील धरणं म्हणतात. कीर्तनकार श्वास घेतो तेवढ्यात मागच्यानं ओळ खाली पडू द्यायची नाही. बुवा गात असले की ज्ञानूचे ओठ मिटलेले. बुवा थांबले की ज्ञानू सुरू. दोघांमधली शिवण कधी दिसली नाही. डोळे मिटून ऐकलं तर वाटायचं, एकच माणूस दम न घेता गातो आहे. मी तर कित्येकदा देवाकडे न बघता ज्ञानूच्या ओठांकडेच बघत बसले आहे. पांडुरंग रागावला नसावा.

यंदा थंडीत तापाची साथ आली. सर्दी, कोरडा खोकला, अंग मोडून येणं. फ्लूचाच एक प्रकार म्हणाले. बहुतेकांचा आठवड्यात बरा झाला, काहींच्या छातीत उतरला. माझ्या पडद्यावर फुफ्फुस काळं दिसायला हवं, कारण काळं म्हणजे हवा. त्या दिवसांत फुफ्फुसं धुरकट दिसू लागली, गार काचेवर कुणी तोंडाची वाफ सोडावी तशी. रिपोर्ट लिहिणारे आमचे डॉक्टर एकदा चहा पिताना म्हणाले होते, "विषाणू फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांचं अस्तर खरवडतो, ते आहेच. पण मग आपलीच प्रतिकारशक्ती धावून येते, आणि काही जणांत तिला थांबायचं कळत नाही. चोर पकडायला आलेल्या लोकांनी घरच पाडावं, तसं." फुग्यांत हवेच्या जागी पाणी भरतं. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नाही. ऑक्सिजन द्यायचा, सूज आवरायची, वरून दुसरा जंतू बसू द्यायचा नाही आणि वाट बघायची. काही फुफ्फुसं पुन्हा काळी होतात. काहींत जाळी धरते आणि ती तशीच राहते.

बुवा आणि ज्ञानू मलकापूरचं कीर्तन करून आले आणि दोघंही पडले. दोघांचे स्कॅन मीच काढले. ज्ञानूच्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तरुणपणी टीबी होऊन गेल्याची खूण. मी विचारलं तर धापा टाकत हसला. "ती जुनी हाय, ताई. काय करत न्हाय. माझ्यागत मागं उभी ऱ्हाती गप."

ज्ञानू व्हेंटिलेटरवर गेला आणि परत आला नाही. बुवा वाचले. ऑक्सिजनच्या नळीसकट त्यांना घरी सोडलं. आत्ता धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बुवांच्या थोरल्या बहिणीनं, सगळी पेठ जिला आक्का म्हणते तिनं, ठरवून टाकलं. ज्ञानू मिरजेच्या दवाखान्यात आहे, सुधारतोय, एवढंच बुवांना सांगायचं. आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं. मीही.

मला रडू आलं नाही. डबा खाल्ला, स्कॅन काढले, संध्याकाळी हरिपाठ म्हटला. दाढ काढायच्या आधी देतात तशी भूल कुणीतरी आत दिली होती आणि ती उतरत नव्हती.

महिन्यानं बुवांना पुन्हा स्कॅनला आणलं. व्हीलचेअर, मांडीवर छोटा सिलिंडर. मुजम्मिलभाईंनी त्यांना टेबलावर निजवलं, दार लावलं. मी माइकवर म्हटलं, श्वास घ्या. धरून ठेवा. काचेतून मला बुवांची छाती स्वच्छ दिसत होती. ती दगडासारखी स्थिर होती. मी म्हटलं, आता सोडा.

पडद्यावर चित्र उमटलं ते हललेलं. कडा दुहेरी, खालचा भाग विसकटलेला. पेशंटनं मध्येच श्वास घेतला की असं होतं. पुन्हा घेतलं. या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, नजर बुवांच्या छातीवर. हलली नाही. चित्र पुन्हा हललेलं.

"म्हातारं फसवतंय तुमाला," मुजम्मिलभाई म्हणाले.

तिसऱ्या वेळी माझीच चूक झाली. धरून ठेवा म्हणायच्या आधी बटण दाबलं गेलं. आत बुवा चांगला वर-खाली श्वास घेत होते. चित्र वाया गेलं असं समजून मी पुसायला निघाले, आणि थांबले.

इतकं स्वच्छ चित्र त्या मशीनवर मी कधी बघितलेलं नाही. एक कड हललेली नव्हती.

बुवा श्वास घेत होते तेव्हा आत सगळं थांबलेलं. बुवा थांबले होते तेव्हा आत चाललेलं.

मी चित्र वरून खाली सरकवत नेलं. बरगड्या बुवांच्याच होत्या. डावीकडची एक बैलगाडीवरून पडून मोडलेली, वाकडी सांधलेली, आधीच्या स्कॅनमध्येही होती. उजवीकडे वरच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तो आधीच्या स्कॅनमध्ये नव्हता.

"नाव चुकलं असंल," मुजम्मिलभाई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले. नाव बरोबर होतं. तारीख बरोबर होती. त्यांनी मग टोपी काढून पुन्हा घातली आणि बाहेर जाऊन बसले.

बुवांना उठवायला मीच आत गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गरम होता.

"बाई, ज्ञानू गेला न्हवं?"

मी नळी नीट करत राहिले.

"मला म्हाईत हाय वो. ह्या लोकांची तोंडं काय मला वाचता येत न्हाईत व्हय? पर त्येला म्हाईत न्हाय अजून." ते हळू बोलत होते. शेजारी कुणी झोपलेलं असावं तसे. "मी दमलो की धरतोय गडी. पयल्यागतच. तुमी त्येला सांगू नगासा."

डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये सुधारणा आहे असं लिहिलं. ठिपक्याला जुना व्रण म्हटलं, आधी सुटला असेल म्हणाले. बाकी दोन चित्रांना, पेशंट हलला. बुवा खरोखरच सुधारत होते. सिलिंडर दिवसा सुटला. पायरीवर बसून गुणगुणायला लागले. आक्का गल्लीभर सांगत सुटली, "भाव माझा आता दमच घेत न्हाय बगा! पोरासारखा गातोय." मी एका संध्याकाळी ऐकायला गेले. बुवा ओळीच्या शेवटी थांबले. ओठ मिटले. ओळ मात्र जरा पुढे गेली आणि मग निमाली. आक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी घरी आले आणि देवापुढे बसले. काय मागायचं ते कळेना. सत्य सांगणं हा धर्म, हे कीर्तनात शेकडो वेळा ऐकलं होतं. पण कुणाला सांगायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्ञानूला कळलं तर बुवांचा श्वास जाईल एवढं मला कळत होतं. म्हणून गप्प राहिले.

पुढच्या स्कॅनला आक्का बरोबर आली. बाहेर बाकड्यांवर जागा नव्हती, म्हणून ती माझ्या खोलीत घुसली आणि माझ्या डब्याची पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसली.

"किती वेळ लागंल गं?"

"बसा, आक्का. बोलू नका."

मी माइक लावला. श्वास घ्या. धरून ठेवा. बुवांची छाती थांबली. टेबल सरकायला लागलं. स्पीकरवर आतला आवाज येत होता, मशीनची घरघर आणि तिच्या खाली, अगदी मंद, कुणीतरी श्वास घेत होतं, सोडत होतं. बुवा घेत नव्हते.

"बिचाऱ्या ज्ञानूचं मासिक घातलं काल," आक्का म्हणाली. ती हळू बोलते तेही चौकात ऐकू जातं. "आमी आपलं मिरजेला हाय, मिरजेला हाय करतोय. मातीबी झाली, राखबी झाली, गडी जाऊन दोन म्हैनं..."

मी माइककडे बघितलं. लाल दिवा चालू होता, माइक उघडाच.

आतला तो मंद श्वास थांबला.

मग स्पीकरमधून एक श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लांब, खोल, थेट पोटापासून. ओळ उचलण्याआधी झीलकरी घेतो तसा. देवळात मी तो हजारदा ऐकला आहे.

सोडल्याचा आवाज आला नाही.

पडद्यावर चित्र उमटलं. स्वच्छ. पांढरा ठिपका नव्हता. ती बुवांची स्वतःची फुफ्फुसं होती आणि दोन्हींत खालपासून जाळी धरली होती.

मी आत गेले. बुवांनी आपला श्वास कधीच सोडला होता. धापा टाकत होते, ओठ निळसर झाले होते. मी नळी लावली, सिलिंडर वाढवला. जरा दम आल्यावर ते म्हणाले, "सोडा म्हणलं न्हाईसा तुमी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आक्काच्या नादात तिसरा शब्द राहून गेला होता.

"चुकले, बुवा."

"बरं झालं. म्हणूच नगासा." त्यांची नजर माझ्या मागे होती, दाराच्या कोपऱ्यात. "ऐकलंय त्येनं. छाती भरून घेतलीया आन तसाच उभा हाय. इशाऱ्याबिगर सोडायचा न्हाय त्यो, शिकवणच तशी हाय. सोडला की गेला. आन त्यो गेला की माझी वळ कोण धरंल, बाई?"

मी मागे वळून बघितलं नाही.

तेव्हापासून बुवा आहेत तसेच आहेत. ऑक्सिजनचा आकडा वर जात नाही, खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, असं कसं. ह्या जाळीत हा माणूस इतके दिवस... आणि वाक्य अर्धं सोडतात. एकादशीला खुर्चीवर बसून बुवा कीर्तन करतात. ओळीच्या शेवटी थांबतात. मागे कुणी नसतं, काही ऐकू येत नाही. पण ओळ खाली पडत नाही. सगळं देऊळ छाती भरून थांबलेलं असतं, तान्ही मुलंसुद्धा. मग बुवा पुढची ओळ घेतात आणि माणसं दचकून श्वास सोडतात.

मी माइकवर आता दोनच शब्द बोलते. तिसऱ्यासाठी उठून आत जाते आणि पेशंटच्या खांद्यावर हात ठेवते. त्यांना कळतं. दिवसातून कितीदा तरी उठावं लागतं, गुडघे दुखतात. मुजम्मिलभाईंनी कधी विचारलं नाही. खुर्ची मात्र दारापाशी सरकवून दिली.

काल पुण्याहून सम्राट आला, मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर. दुपारभर काहीतरी भरत बसला.

"मॅडम, आता तुमचा घसा सुटला. सूचना आपोआप होणार. मराठी पण आहे."

"नको मला."

"नको म्हणून कसं चालेल? अपडेटमध्येच आलंय, काढता येत नाही. सोमवारपासून सगळीकडे हेच. ऐका तर."

त्यानं बटण दाबून धरलं. आतल्या रिकाम्या खोलीत एका अनोळखी बाईचा गोड आवाज म्हणाला, श्वास घ्या. धरून ठेवा.

मी त्याचा हात धरून बटणावरून खाली खेचला. आवाज तुटला.

"अहो, शेवटचं तरी ऐकायचं की!" तो हसला, मनगट चोळत वर चहाला गेला.

खोलीत कुणी नव्हतं. जड दार बंद होतं. स्पीकर तेवढा चालू राहिला होता.

त्यातून आवाज आला. अगदी थोडा, आज्ञाधारक. आधीच भरलेल्या छातीत कुणीतरी आणखी जरासा श्वास घेतला.