चौथ्या ट्रेचं खत

काचघरात पाण्याचा पाइप ओढत आलेल्या माळ्याने वळणावर तो नेमका तिच्या पायात अडकवला. ती रोपांच्या ट्रेसकट धपकन खाली बसली... पण ट्रे सोडला नाही.

"माळीबुवा, मी पडले तर चालेल. ही पडायला नकोत. आणि यांना नुसतं पाणी द्या, खताचा कण नको."

रोपं मरतुकडी, पिवळी. चार ट्रे भरून. ती त्यांच्यावर संशोधन करत होती.

रोज तो विचारायचा, "मॅडम, चहा आणू?"

"नको, माझं भागतंय."

रोपांबद्दल मात्र भरभरून बोलायची. मुळांत राहणारी बुरशी दूरच्या मातीतून फॉस्फेट आणते. पेशीच्या पातळ पडद्यात प्रथिनांची दारं असतात, त्यांतून ते झाडाला पोचतं. बदल्यात झाड बुरशीला साखर देतं.

"संसारच की हा," तो म्हणाला. ती हसली नाही — पण कान लाल झाले.

सहाव्या आठवड्यात ती रडवेली दिसली. चौथ्या ट्रेत बुरशीचा पत्ता नव्हता. "माझाच हात चुकला. सगळं फेकून नव्याने पेरते."

त्या संध्याकाळी त्याने घरी आत्याला सगळं सांगितलं. कपडे वाळत घालता घालता आत्या म्हणाली, "खत चोरून घातलंस, कबुली तरी उजेडात दे, गाढवा."

"तोंड बघणार नाही ती माझं."

"मग पाठ बघेल. जा."

सकाळी तो तिच्या टेबलापाशी उभा राहिला. "चौथ्या ट्रेला मी फॉस्फेटचं खत घातलं. तीनदा."

ती ताडकन उठली. मग बाही धरून तिने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. बाकीच्या ट्रेंतल्या उपाशी मुळांच्या पेशींत बुरशीची फांद्या फुटलेली इवली झाडं होती, रंग दिल्याने निळी. चौथ्या ट्रेचं मूळ कोरं.

"पोट भरलेलं झाड बुरशीला आत घेत नाही. म्हणजे माझा हात चुकला नव्हता... काही फेकायचं नाही!" तिने वही ओढली. "खत का घातलं? कारण लिहावं लागेल."

"दया आली."

"रोपांची?"

तो हातातल्या पाइपाकडे बघत राहिला. "तुम्हीही दिवसभर तशाच उपाशी बसायचात. तुम्ही काही घेत नव्हतात... म्हणून त्यांना दिलं."

पेन थांबलं. वही मिटली.

"माळीबुवा — माझं भागत नाहीये. चहा आणा. दोन कप."