खालून येणारी मोजणी

चष्मा द्यायला गेली होती ताई. बाकी काही नाही. दाजी सुट्टी संपवून बेटावर परतले आणि वाचायचा चष्मा घरी खिडकीतच राहिला. चष्म्याशिवाय त्यांना अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. आणि दीपगृहावरच्या माणसाला रोजची नोंदवही चुकत नाही. दिवा कधी लावला, कधी विझवला, वारा कुठला, सगळं लिहावं लागतं. ताई मला म्हणाली, "मीच देऊन येते. तेवढंच तुझ्या लाँचमधून फिरणं होईल."

माझी लाँच कसली, मी तिचा इंजिनवाला. पण थोरली बहीण म्हणाली म्हणजे झालं.

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. तुम्ही तिघं उद्या तिथे नवा दिवा बसवायला जाताय, म्हणून सांगतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आणि ते दार लोटून घे रे जरा.

नोव्हेंबरची नऊ तारीख, बुधवार. पंधरा वर्षं झाली असतील. दुपारी चारला आम्ही बेटाला लागलो. तिथे धक्का असा नाही, खडकात खोदलेल्या बारा पायऱ्या आहेत. ताई उतरली, वर गेली. तेवढ्यात थोरले खाली आले. थोरले म्हणजे दाजींच्या वरचे दिवेवाले. सगळे त्यांना थोरलेच म्हणायचे. दाढेनं गाल फुगून टम्म झालेला, डोक्याभोवती फडकं बांधलेलं. बोलता येईना, हातानंच म्हणाले, मला ने. ते लाँचमध्ये चढतात न चढतात तोच समुद्र उसळायला लागला. एक लाट अशी आली की लाँचची बाजू पायरीवर घासली. नाखवा ओरडला, "सोड दोरी!" मी सोडली. वळून बघितलं तर ताई वर कठड्याशी उभी. तिनं हात हलवला. जा, मी राहते, असा.

मी गेलो. आजही कधी कधी वाटतं, अजून पाच मिनिटं थांबायला हवं होतं.

आता तो दिवा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. मनोरा दीडशे वर्षांचा. सुरुवातीला वातीचा दिवा होता, तेलाचा. त्याच्याभोवती काचेचं भिंग, माणसाच्या दीडपट उंच, दोन टन वजनाचं, पाऱ्यावर तरंगत ठेवलेलं. म्हणून तर दोन टनांचं धूड एका हातानं फिरतं. पूर्वी ते घड्याळासारखं चालायचं. मनोऱ्याच्या पोकळीत एक वजन टांगलेलं असायचं, ते उतरत जायचं आणि चक्रं फिरायची. दर दोन तासांनी चावी द्यायची. दोन माणसं, एक वर दिव्याशी, एक तळाच्या खोलीत, पाळीपाळीनं रात्र काढायचे. मग जनरेटर आला, बल्ब आला, मोटर आली, वजन निघालं.

पण एक गोष्ट बदलली नाही. तीस सेकंदांत एक फेरी. समुद्रावरून बघणाऱ्याला तीस सेकंदांनी एक चमक. त्या दिव्याची ती सहीच म्हणा. दक्षिणेच्या टोकावर दुसरा दिवा आहे, तो पंचेचाळीस सेकंदांनी चमकतो. लहान होडीवाले अंधारात आकडे मोजत येतात. तिसाला चमक आली तर बेट. लांबून जायचं, भोवती खडक आहेत. पंचेचाळिसाला आली तर टोक. आत वळायचं, बंदर आलं.

म्हणजे तिसाचे पंचेचाळीस झाले, तर...

हां. कळलं तुम्हाला.

त्या रात्री चौदा होड्या बाहेर होत्या. वादळ येतंय म्हणून परत फिरलेल्या. नुसत्या इंजिनाच्या होड्या, कुणाकडे दिशा दाखवणारी यंत्रंबित्रं नाहीत. बंदरावर त्यांची माणसं जमली होती. मीही तिथेच होतो. थोरले दाढ उपटून आले होते, तोंडात कापूस. घरी जा म्हटलं तर ऐकेनात. हातात घड्याळ धरून दिव्याकडे बघत बसले.

इकडे बेटावर काय झालं, ते ताईनं मला एकदाच सांगितलं. तेच सांगतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मोटर जळाली. धूर आला, भिंग थांबलं. दाजी म्हणाले, "मोटर गेली. आता हातानं." भिंगाच्या चौकटीला पितळी मूठ आहे. ती धरायची आणि भिंगाभोवती चालायचं. तीस सेकंदांत एक फेरी. न थांबता. दोघांनी अर्धा अर्धा तास वाटून घेतला. ताई म्हणाली, "घरी झोपाळ्याला झोका द्यायला सांगितलं तर हात दुखतो तुमचा." दाजी हसले आणि खोकले.

दाजींचा खोकला तुम्हाला माहीत नाही. सिगारेटचा. चार शब्दांमागे एक ठसका. आम्ही म्हणायचो, दाजींच्या आधी त्यांचा खोकला घरात येतो.

साडेबाराला जनरेटर अडखळायला लागला. बल्ब मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. दाजी म्हणाले, "तेलात कचरा आलाय. मला खाली जावं लागेल. हे घड्याळ ठेव. मी येईपर्यंत थांबायचं नाही. काहीही झालं तरी." जनरेटरची खोली मनोऱ्याबाहेर, साठ पावलांवर. ते जिना उतरून गेले. खालचं दार आपटल्याचा आवाज आला. मग नुसता वारा.

ताई एकटी. फिरते आहे. एक, दोन, तीन. घड्याळात बघायचं तर डोळे दिपायचे. भिंगाचा उजेड काचांवरून तोंडावर यायचा, मग काहीच दिसायचं नाही. मान खाली घालून ती मनातच मोजायला लागली. दोनदा आकडा चुकला. घाबरली.

पाऊण वाजता भिंतीतून आवाज आला.

"अगं, चुकतेयस. मी मोजतो. तू फक्त चाल."

जिन्याच्या तोंडाशी भिंतीत एक पितळी नळी होती. कर्ण्यासारखं तोंड असलेली. वरच्यानं खालच्याला हाक मारायची, जुन्या काळची सोय. आवाज त्यातून येत होता. दाजींचा. ताई नळीपाशी आली तशी भिंग ढकलता ढकलता तिनं कान लावला. डावा.

"तुम्हीच ना?"

"मीच. कोण असणार दुसरं? चल. एक... दोन... तीन..."

तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, नवरा असावा तर असा, इंजिन सांभाळतोय आणि माझीही काळजी. तिनं घड्याळ बघायचं सोडलं. तो मोजायचा, ती चालायची. त्याच्या एका आकड्याला तिचं एक पाऊल. तीस झाले की पुन्हा एक.

इकडे बंदरावर थोरले म्हणाले, "बत्तीस."

मी म्हटलं, "हातानं फिरवत असतील. दोन सेकंद इकडे तिकडे होणारच."

पंधरा मिनिटांनी म्हणाले, "पस्तीस."

मग "अडतीस." तोंडातला कापूस काढून फेकला त्यांनी. ओठावर रक्त. म्हणाले, "हे दमून होत नाही. दमलेला माणूस मागेपुढे होतो. हा सारखा लांबतोय. बेतानं." मी विचारलं, म्हणजे काय? ते पुढची चमक मोजायला लागले.

पावणेदोन झाले होते. आणि लांब, अगदी लांब, पहिल्या होडीचा कंदील दिसला.

वायरलेसवरून आम्ही बेटाला हाका मारत होतो. उचलणार कोण? आणि होड्यांकडे तर वायरलेसच नाही. मी लाँचकडे धावलो, नाखव्यानं मला कमरेला धरून मागे ओढलं. "त्या लाटांत जाशील आणि पंधरावा होशील," म्हणाला.

"चाळीस," थोरले म्हणाले.

वर ताई चालत होती. पाय जड झाले होते. पण आवाज गोड होता. समजुतीचा. आकड्यांच्या मधे तो बोलायला लागला. "दमलीस ना... अकरा... हळू चाल... बारा... काही घाई नाही... तेरा..." तिला पेंग आली. चालता चालता. गारवा होता आणि तरी ऊब वाटत होती.

आणि तिच्या मनात आलं...

तास झाला. तासभर हे मोजतायत.

एकदाही खोकले नाहीत.

हे सांगताना ती मला म्हणाली, "पायाखालची जमीन गेली रे माझ्या." पण हात सुटला नाही. पुढच्या फेरीला तिनं कान दिला. आकड्यांच्या मधे श्वास नव्हता. माणूस बोलतो तर श्वास घेतो. इथे नव्हता. तिनं घड्याळ डोळ्यांपाशी नेलं. नळी मागे गेली. डोळे मिटले, उघडले. पुन्हा नळी येईपर्यंत काटा बघत राहिली.

त्रेचाळीस.

तिनं मूठ आवळली. जोर लावला. मोठ्यानं मोजायला लागली. "एक! दोन! तीन!" नळी आपल्याच चालीनं मोजत होती. "एक... दोन..." दोन आकडे एकमेकांत अडकायचे. तिचा आकडा हरवायचा. ती घड्याळ बघायची. पुन्हा "एक!"

मग नळीतली मोजणी थांबली.

"अगं... पाय मोडलाय माझा. खाली ये."

ती थबकली नाही. पण रडायला लागली. खरंच असलं तर? खरंच ते पडले असतील तर? खाली नवरा, बाहेर चौदा होड्या, आणि ती मधे. हातात पितळी मूठ.

"रक्त जातंय गं. सोड ते. ये ना."

ताई ओरडली, "खोका!"

शांतता.

"तुम्ही असाल तर खोका एकदा! लगेच येते मी!"

काहीच नाही. वारासुद्धा पडल्यासारखा. भिंग फिरत होतं. झोत गेला. अंधार.

आणि नळीतून खोकला आला.

एक. दाजींचा नव्हे. म्हातारा कुणीतरी. घशात पाणी अडकल्यासारखा.

मग दुसरा. बाईचा.

मग तिसरा... लहान.

मग सगळे. एकमेकांवर. कितीतरी माणसं. खोकत होती, गुरगुरत होती, तोंडातून पाणी यावं तसे आवाज. आणि ते लांबून येत नव्हते. नळीच्या अगदी तोंडाशी येत होते. वर.

ताईनं डोळे मिटले. घड्याळ कानाशी धरलं, उजव्या कानाशी. टिकटिकीवर पाऊल टाकायला लागली. एक. दोन. तीन. चार. बस. नळीपाशी आली की अंगावर गार शिंतोडे यायचे. ती पुसत नव्हती. बघत नव्हती. पाच. सहा. सात.

बंदरावर थोरले ओरडले, "तीस!"

मी त्यांच्या हातातलं घड्याळच ओढून घेतलं. पुन्हा मोजलं. तीस. पुन्हा. तीस. पहिली होडी बेटाच्या रोखानं वळायला लागली होती, तिचा कंदील आम्हाला आडवा दिसत होता. तो थांबला. हेलकावला. आणि सरळ झाला. लांबून निघून आली. तिच्यामागं दुसरी. साडेचारपर्यंत चौदाच्या चौदा. पहिल्या होडीवाल्याला मी विचारलं, तर म्हणाला, "चाळीसच्या वर मोजले होते. वळलो पण. मग पुढची चमक तिसाला आली. म्हटलं मलाच झोप लागली असणार."

उजाडल्यावर दाजी वर आले. तेलानं काळे, खोकत. ताई अजून फिरत होती. दिवा विझवला तरी मूठ सोडेना. त्यांनी एकेक बोट उकललं.

"तुम्ही मोजत होता?" तिनं विचारलं.

"मी? अगं, रात्रभर हातानं पंप मारतोय. तिथे मला माझा खोकला ऐकू येत नव्हता."

"मग नळीतून..."

दाजींनी नळीकडे बघितलं. "ती? तळाची खोली बुजवली तेव्हाच तिचं खालचं तोंड सिमेंटनं बंद केलंय. मी नोकरीला लागायच्या आधी."

समुद्र निवळल्यावर आम्ही ताईला आणायला गेलो. थोरले बरोबर होते. त्यांनी तिला एकच विचारलं, "हळू मोजत होता ना?" मग त्यांनी सांगितलं. ते तिथे पहिल्यांदा लागले तेव्हा त्यांच्याही थोरल्याकडून ऐकलेलं. तेलाच्या दिव्याच्या काळात, चक्रं अडकली म्हणून एक दिवेवाला असाच रात्रभर हातानं फिरवत होता. एक जहाज खडकावर गेलं. बायकामाणसं, पोरं, कुणी वाचलं नाही. चौकशीत आणि पुढे मरेपर्यंत तो एकच सांगत राहिला, माझी चूक नाही, माझा जोडीदार खालून मोजत होता, मी त्याच्या मोजणीवर चाललो. जोडीदार त्या दिवशी बेटावर नव्हताच. दुपारच्या बोटीनं गावात गेला होता. सगळ्यांनी त्याला दारुडा ठरवलं.

"म्हणजे त्या जहाजातली माणसं मोजतात?" मी विचारलं.

थोरले म्हणाले, "ती बुडायच्या आधीच मोजणी चालू होती, बाबा. तेव्हा कोण मोजत होतं, ते सांग."

ताई बरी झाली. खाणंपिणं, हसणं, सगळं पूर्वीसारखं. फक्त डाव्या कानाला दडा बसला म्हणायची. महिना होत आला तरी सुटेना, म्हणून मीच तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. बाजूलाच उभा होतो. डॉक्टरनं दिवा लावून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चिमट्यानं, मग पिचकारीनं, हळूहळू काहीतरी काढायला लागला.

"पोहायला कधी गेला होता?" त्यानं विचारलं.

ताई म्हणाली, "मला पोहता येत नाही. आयुष्यात कधी डोकं पाण्याखाली गेलं नाही माझं."

डॉक्टरनं ताटली माझ्यापुढे केली. वाळू होती. चमचाभर. काळी, बारीक.

मी बोट लावलं.

ओली होती.