दहा युरोचा निरोप

रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात लातूरच्या त्या गल्लीत रांगेला घागरी उभ्या असायच्या, अन् माणसं लिंबाच्या सावलीत. शिवकन्या आपल्या हिरव्या घागरीवर डोळा ठेवून होती. तरी एक उंच पोरगा ती भरलेली घागर खांद्यावर घेऊन चालता झाला!

"अहो! माझी हाय ती!"

टँकरच्या घरघरीत त्याला ऐकू कुठलं येतंय? मागं राहिली ती त्याची. तीही हिरवीच, पण बुडाला चीर. शिवकन्येनं मनातल्या मनात त्याचा पार उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा तिच्या टेबलासमोर! परदेशी चलन देणाऱ्या छोट्याशा ऑफिसात ती कामाला होती. नाव विरूपाक्ष, गाव जळकोट, सध्या त्याच गल्लीत खोली घेऊन राहिलेला, एका कारखान्याच्या कामाला वर्षभरासाठी जर्मनीला निघालेला.

"तिकडं कार्ड वापरलं की लई पैसे कापतेत म्हणं. कसं वाचवायचं?"

"आधी माझी घागर आणा."

तो बघतच राहिला. मग ओळख पटली, अन् बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. झालं! शिवकन्येचा राग तिथंच विरघळला.

तिनं नीट समजावलं. इथूनच कार्डात युरो भरून न्यायचे. दुकानातल्या मशीननं 'रुपयात घेऊ का' विचारलं, तर आपल्या रुपयाला भुलायचं न्हाई, भाव वाईट लागतो. युरोतच द्यायचे.

"आणि एटीएममधून रोज रोज रोख काढू नका. दर खेपेला फी बसती. टँकरवर कुणी वाटी घेऊन जातं का? एकदाच घागर भरायची."

"दुसऱ्याची...?" त्यानं हळूच विचारलं.

ती खुदकन हसली. हसायचं नव्हतं, पण हसली.

मग काय, रोज नवी शंका. कार्ड हरवलं तर? उरलेले युरो परत कसे होतेत? शंका संपायच्या, तो मात्र उठायचा न्हाई. अन् घागर? "अव्वा जळकोटला घेऊन गेली की!" म्हणायचा; अव्वा म्हणजे त्याची आई. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "कार्डाचे मेसेज कोणत्या नंबरवर पाठवायचे?"

"माझा इथला नंबर बंद होणार, घरी रेंज धड न्हाई. तुमचाच लिहा की..."

"ऑफिसचा?"

"ऑफिस संध्याकाळी बंद होतंय."

तिनं मान खाली घालून स्वतःचा नंबर लिहिला. "परत कधी येणार?"

"उदगीर जिल्हा झाला की!"

"म्हणजे म्हातारे होऊन! ती मागणी तर माझ्या जन्माआधीपासूनची!"

दोघंही हसली. बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

तो गेला अन् दुसऱ्याच दुपारी फोन किणकिणला. दहा युरो काढले, फी कापली. पुढच्या दुपारी पुन्हा दहा. मग पुन्हा. शिवकन्येचा जीव जळायला लागला. एवढं शिकवलं ते सगळं पाण्यात! फोन नाही, दोन ओळी नाहीत, नुसते बँकेचे मेसेज. आपली आठवण तरी असेल का याला? अन् तरी बारा वाजले की तिचे डोळे फोनकडेच.

अशात तिच्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितलं, नांदेडची मंडळी रविवारी बघायला येणार. घर चांगलं, मुलगा चांगला. शिवकन्या ताटावरून उठली. नाही म्हणावं तर कुणाच्या भरवशावर?

शनिवारी दुपारी मेसेज आला, तसा तिनं फॉर्मवरच्या त्याच्या जर्मनीतल्या नंबरावर सरळ फोनच लावला.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? रोज फी भरताय! काय सांगितलं होतं मी?"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "समजलं होतं सगळं... पण मशीनपाशी गेलो की तुम्हाला मेसेज जातोय. तेवढंच तुमच्या दारावरून गेल्यावानी वाटतंय."

"मग... बोलायचं की!"

"धीर होईना."

तिचे डोळे भरून आले. "उद्या नांदेडचे लोक येणार हायत. मला बघायला."

"अन् तुमचं मन?"

"माझं मन... तुम्ही उचलून नेलं न्हाई का! घागरीसंगं."

त्यानं खोल श्वास घेतला. "अप्पांना सांगा, नांदेडकरांना थांबवा म्हणावं. जळकोटचे लोक येतेत."

त्या संध्याकाळी शिवकन्येनं अप्पांपुढं सगळं सांगून टाकलं. अप्पा चिडले, मग लेकीकडं बघत बसले. शेवटी उठून त्यांनी नांदेडला फोन लावला.

रविवारी सकाळी जीप दारात थांबली. खाली उतरल्या विरूपाक्षच्या अव्वा, शिवम्मा. कमरेवर हिरवी घागर, काठोकाठ भरलेली.

"शरणार्थ!" घागर खाली ठेवून त्यांनी हात जोडले. "पोरानं घागर चुकून नेली होती तुमची. रिकामी कशी आणायची? आमच्या विहिरीला अजून हाय थोडं."

पाण्याकडं बघून अप्पांचा चेहराच बदलला. "या, आत या," म्हणाले.

बारा वाजले. बँकेचा मेसेज आला नाही. शिवकन्या कासावीस होऊन फोनकडं बघत होती, तेवढ्यात तो वाजला.

"आज फी वाचवली," विरूपाक्ष म्हणाला. "कशी हाईस?"

आजवर तो तिला 'तुम्ही' म्हणत होता. आज तसं म्हणाला नाही, अन् तिला ते लई आवडलं.