बिघाड नसलेला रविवार

सलिल गद्रे आमच्याकडे आला होता तो जेवायला, लॅपटॉप दुरुस्तीला नव्हे. दिवेआगरच्या आमच्या घरी पर्यटकांना घरगुती जेवण मिळतं. माणगावच्या कॉलेजात संगणक शिकवणारा हा गृहस्थ ओटीवर पानाची वाट पाहत होता. आणि समोर मी, वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, रिकाम्या स्क्रीनकडे पाहून रडण्याच्या बेतात होते.

"नवी सिस्टीम टाकलीत?"

"टाकत होते... मध्येच गडगडलं आणि बापूंनी मेन स्विच पाडला."

"गडगडलं की मेन बंद! घरचा नियम आहे," आतून वडिलांनी खुलासा केला.

लॅपटॉपची बॅटरी कधीचीच निकामी होती. आता तो सुरू होई, पण मला ओळखत नसे. चक्रीवादळानंतर लावलेल्या ऐंशी पोफळींची पाच वर्षांची मोजमापं दिसेनाशी झाली होती. शोधनिबंध उद्या द्यायचा होता.

"युजर प्रोफाइल बिघडलंय. फाइली बहुतेक आत सुखरूप असतील."

"बहुतेक म्हणजे किती टक्के?"

तो हसला. उजव्या गालाला खळी पडली. या निरीक्षणाचा विषयाशी संबंध नव्हता.

"नव्वद. उरलेले दहा बापूंचे."

त्याने नवं खातं उघडलं आणि जुन्यातलं सगळं त्यात उतरवू लागला — तीन लपलेल्या फाइली वगळून. "बिघाड यांच्यात असतो. या सोबत नेल्या, तर नवं खातंही बिघडतं."

पानातले मोदक निवले. पाच वाजता ऐंशीच्या ऐंशी पोफळी परतल्या.

"एक शंका," मी म्हणाले. "कॉपीला चाळीस मिनिटं लागतील असं स्क्रीनवर दिसत होतं. चार तास कसे लागले?"

त्याचे कान लाल झाले. "एकेक फोल्डर... सावकाश नेला."

"कारण?"

"तुम्ही शेजारी बसून परतलेल्या पोफळी मोजत होतात... म्हणून."

"एका निरीक्षणावरून मी निष्कर्ष काढत नाही. पुढच्या रविवारी या."

"पण आता बिघाड कुठे आहे?"

"करता येईल हो!" आतून बापू. "स्विच माझ्या हाताशीच आहे!"

"नको, बापू. तुलनेसाठी बिघाड नसलेला रविवारच हवा."

तो आला. त्यानंतरच्या रविवारीही आला. नमुना पुरेसा मोठा व्हायला अकरा रविवार लागले. मग निष्कर्ष मी त्याच्या कानात सांगितला.

कान पुन्हा लाल झाले. हे निरीक्षण मात्र विषयाशी संबंधित होतं.